कंदीलपुष्पाच्या एकाच वेलीवर दोन तऱ्हेची पाने : ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. सोलापूरच्या उत्तरेला, नान्नजच्या बाजूला पण माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका मुरमाड माळावर, तरवडाच्या झुडपात गुंतलेली कंदीलपुष्पाची वेल मला भाद्रपदात आढळली. फूल बोटाच्या पेराएवढे, बुडाशी फुगीर, मध्ये फिकट हिरवट नळी आणि वर टोकांशी जुळून पिंजरा झालेल्या पाच जांभळट पाकळ्या. एकच फूल तोडून उभे चिरले, तेव्हा नळीत खाली झुकलेले बारीक केस दिसले आणि तळाच्या फुगवट्यात दोन चिलटे जिवंत सापडली. हे केस सुकेपर्यंत आत शिरलेल्या चिलटाला बाहेर पडता येत नाही आणि परागीभवन साधते ते याच कैदेमुळे.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये वर्णन केलेली सेरोपेजिया बल्बोसा ही कंदीलपुष्पाची जाती ती हीच, असे मला वाटते. अडचण पानांची आहे. रुंद पानांची ती बल्बोसा आणि चिंचोळ्या पानांची ती लुशाय, असा भेद सांगतात. काही अभ्यासक लुशायला स्वतंत्र जाती मानतात, तर काही बल्बोसाचाच उपप्रकार. माझ्या वेलीची खालची पाने मात्र मांसल आणि जवळजवळ गोल आहेत, तर शेंड्याकडची बोटभर लांब व अरुंद आहेत. मग निव्वळ पानांवरून भेद करणे कितपत ग्राह्य धरावे? फुलाचे किंवा शेंगेचे एखादे अधिक खात्रीचे लक्षण कोणी सांगू शकेल का?

दुसरी विनंती आढळाविषयी आहे. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा किंवा शेजारच्या धाराशिव आणि विजयपूर जिल्ह्यांत कोणी ही वेल पाहिली असल्यास महिना, जमिनीचा प्रकार आणि वरच्या-खालच्या पानांची मापे कृपया कळवावीत. नेमकी जागा उघड लिहू नये. मीही लिहिलेली नाही, कारण या वेलीचा कंद खाल्ला जातो आणि कंद उपटला की वेल संपते. माळावर मेंढ्या चारणाऱ्या एका आजोबांनी लहानपणी हे कंद पोटभर खाल्ल्याचे सांगितले. मला सबंध माळ फिरून तीनच वेली दिसल्या.

त्यांपैकी एकीवर आता शेंगांची जोडी धरली आहे. ती तडकली की केसाळ बिया वाऱ्यावर उडून जातील. त्याआधी थोड्या बिया काढून कुंडीत रुजवाव्यात की माळावरच राहू द्याव्यात, याबद्दल ज्यांनी कंदीलपुष्पे वाढवली आहेत त्यांनी कृपया लवकर मार्गदर्शन करावे.