छोट्या दवाखान्यांनाही वैद्यकीय कचऱ्याचे नियम तेवढेच कडक हवेत का?

खानापूरकर: आमच्या गल्लीत घंटागाडीवरच्या मावशींच्या हातमोज्यातून सुई आरपार गेली. पिशवीत रक्ताळलेला कापूस, सलाईनची नळी, सिरिंज, सगळं एकत्र कोंबलेलं. २०१६ च्या नियमांत खाटा नसलेला दवाखानाही येतो. कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया जाड पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. एवढं ज्याला जमत नाही त्याने इंजेक्शन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निपाणीचा डॉक्टर: अजिबात पटलं नाही. सुया दवाखान्यातूनच येतात कशावरून? घरोघरी इन्सुलिन घेणारे आहेत, त्यांच्या सुया याच गाडीत पडतात. मोजकी इंजेक्शनं देणाऱ्या माझ्यासारख्याला प्रत्येक पिशवीवर बारकोड, रजिस्टर, दरवर्षी ३० जूनच्या आत अहवाल, वर वैद्यकीय कचरा नेणाऱ्या वेगळ्या गाडीचे पैसे. कोल्हापूर एवढं जवळ, पण आम्ही कर्नाटकच्या प्रदूषण मंडळाखाली, आणि इथली गाडी ठरल्या दिवशी येत नाही. पिवळी पिशवी ४८ तासांवर ठेवायची नाही असा नियम, मग ती नेऊ कुठे?

खानापूरकर: सलाईनची नळी कुणाच्या घरातून येते, डॉक्टर? गाडी वेळेत आली नाही तर मंडळाला लगेच कळवायचं, हेही त्याच नियमांत आहे. सगळ्या दवाखान्यांचा कचरा नेऊन विल्हेवाट लावणारं जे सामायिक केंद्र असतं, त्याच्या चालकाला सुट्टीच्या दिवशीही कचरा उचलणं बंधनकारक आहे. एकदा तरी लेखी कळवलंत का?

जांबोटीहून: आमच्या बाजूला पावसात गाडी येणं कठीणच. खड्डा खणून पुरायची सरसकट मुभा द्या, विषय संपला.

सिस्टर, बेळगाव: सरसकट नको हो! पुरायची परवानगी मिळते, पण सामायिक केंद्राची सोय पोचत नाही अशाच दुर्गम भागात, तीही आधी मंजुरी घेऊन. खड्डा दोन मीटर खोल, आणि त्याच्या तळापासून भूजल निदान सहा मीटर खाली हवं. तुमच्याच बाजूला कणकुंबीला मलप्रभा नदीचा उगम आहे, त्या पावसात अशी जागा कुठे दाखवाल? खाली सगळे तेच पाणी पितात.

आणि डॉक्टरसाहेब, सुई कापायचं काम तुमची आया करते. तिला हेपेटायटिस बीची लस दिलीय का? नियमात तीही आहे. आमच्याकडे रंगांचा तक्ता कन्नड आणि इंग्रजीत होता, कचरा उचलणाऱ्या बायका मराठी वाचणाऱ्या. मी खाली मराठीत लिहून चिकटवलं, तेव्हापासून लाल पिशवीत सुई सापडलेली नाही. कुठला कागद कमी करायचा ते नंतर बघू, आधी शिकवा तरी.

निपाणीचा डॉक्टर: आयांना लस दिलेली आहे. मराठी तक्ता उद्याच लावतो. पैशाचं मात्र सोडणार नाही. गल्लीतल्या चार-पाच दवाखान्यांना मिळून एकच डबा आणि एकच बिल का नको?

खानापूरकर: कारण त्या डब्यातल्या लाल पिशवीत सुई निघाली, तर ती कुणाची हे कोण सांगणार? बारकोड त्यासाठीच आहे. बिल खुशाल वाटून घ्या, पिशवी ज्याची त्याची.