केअर होम बघायला जाताना नक्की काय तपासायचं? (रविवारच्या आत उत्तर हवंय)

मृद्गंध
बाबांना केअर होममध्ये ठेवायचं ठरलंय. दोन जागा बघून आले. दोन्हीकडे बाग, देवघर, कॅरम, टीव्हीवर कीर्तन आणि सगळं दाखवत पुढे चालणाऱ्या मॅनेजरबाई. "अगदी घरच्यासारखं" हे दोन्हीकडे ऐकलं. त्यातून मला काहीच कळलं नाही. रविवारी एका ठिकाणी अनामत भरायची आहे, त्याआधी परत एकदा जाऊन येणार. तेव्हा काय बघू, काय विचारू? ज्यांनी घरचं माणूस ठेवलंय किंवा अशा ठिकाणी काम केलंय त्यांनी सांगा. "घरीच सांभाळा" असं कृपया लिहू नका, तो विचार करून झालाय.

हेमंत३४
शहर कुठलं? वय? चालते-फिरते आहेत का? बजेट किती? काहीच न सांगता लोक काय सांगणार?

मृद्गंध
पुणे. ८१. चालतात. जागा सुचवा म्हणत नाहीये मी. तपासायचं काय, एवढंच विचारतेय.

निवृत्त_सिस्टर
ताई, काय तपासायचं ते बाबांना काय होतंय त्यावर ठरतं. चालतात म्हणजे आधाराशिवाय? संडास-बाथरूमला स्वतः जातात? रात्री झोपतात का? गोळ्या-इंजेक्शनं कुठली?

मृद्गंध
वॉकर घेऊन चालतात. अल्झायमर आहे. रात्री उठून "घरी जायचंय" म्हणतात. एकदा पहाटे सोसायटीच्या गेटबाहेर पडले होते, दूधवाल्याने ओळखून परत आणलं. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. लघवीचं कधी कळतं, कधी नाही.

काटेसावर
नको म्हणालात तरी लिहितोय, कारण मनापासून वाटतं. अल्झायमरच्या माणसाला जागा बदलली की गोंधळ वाढतो. आम्ही आईला शेवटपर्यंत घरीच ठेवलं. ब्युरोची मावशी दिवसा, दुसरी रात्री. दोघी इतक्या लळा लावून राहिल्या की आई त्यांना लेकी समजायची. परत एकदा विचार करा.

सांजवात
काटेसावर, तुम्हाला मावश्या टिकणाऱ्या मिळाल्या. आमच्याकडे गणपती-दिवाळीला गावी गेलेली बाई परत आली नाही, ब्युरोने पाठवलेल्या बदलीला साखर तपासायचं यंत्र लावता येत नव्हतं. सासरे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. घर म्हणजे सुरक्षित असं काही नसतं. आणि त्यांनी हे विचारलेलंच नाही.

काटेसावर
खुब्याचं हाड केअर होममध्येही मोडतं.

निवृत्त_सिस्टर
तो वाद राहू द्या. मृद्गंध ताई, आता मुद्द्याचं बोलता येईल.

साधा वृद्धाश्रम तुमच्या उपयोगाचा नाही. बऱ्याच ठिकाणी अर्जात "स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे" अशी अट असते. घेताना ती कुणी ताणून धरत नाही, काही महिन्यांनी "घेऊन जा" म्हणून फोन येतो. ती ओळ आधी शोधा.

मी नोकरीची शेवटची वर्षं अशाच ठिकाणी काढली. बागेत वेळ घालवू नका. अंथरुणाला खिळलेल्यांची खोली दाखवा म्हणा. आत सोडत नसतील तर दारातून बघा. ओठ सुकलेत का, नखं कापलीत का, पाणी हाताशी आहे का, की सगळे एकजात उताणे निजवलेत? स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, त्याचा तक्ता ठेवतात. तो मागून घ्या. रात्री आठच्या खान्यात दुपारीच सही झालेली असेल तर बाकीच्या सह्यांवरही विश्वास ठेवू नका. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, किती जणांना आहेत, इथे झाले की येताना होते, असं सरळ विचारा. काम करणारी सिस्टर या प्रश्नाने चिडत नाही, आकडा सांगते.

इन्सुलिनचं नीट खोदून विचारा. टोचतं कोण? नर्सिंग झालेली मुलगी की मावशी? टोचल्यापासून ताट समोर यायला किती वेळ लागतो? आणि टोचल्यावर बाबांनी जेवायला नकार दिला तर काय करता? अल्झायमरमध्ये हे बऱ्याचदा होतं, आणि साखर उतरली तर ती त्यांना सांगताही येणार नाही. याचं उत्तर ज्यांच्याकडे तयार नाही तिथे मी माझ्या माणसाला ठेवणार नाही.

आणि रात्र. रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसं जागी, किती जणांमागे, सिस्टर आवारात असते की फोनवर? ड्युटीचं रजिस्टर बघा. "रात्री उठणाऱ्यांचं काय करता?" असं विचारून थांबा. "आमच्याकडे सगळे शांत झोपतात" असं उत्तर आलं तर झोपेची गोळी कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर देता, हा पुढचा प्रश्न. हात बांधतात का हेही विचारा. मनगटं बघा.

तहसील_रोड
सिस्टरबाईंना अनुमोदन. कागदांचं मी सांगतो, वकिली करतो.

"आम्ही रजिस्टर्ड आहोत" याने समाधान मानू नका. कशाखाली, ते विचारा. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदलेला असतो किंवा दुकान-आस्थापना नोंदणी असते. त्यातून संस्था अस्तित्वात आहे एवढंच कळतं, आत काळजी कशी घेतात ते नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि स्थळ-काळाच्या भानाचे गंभीर बिघाड येतात. त्यामुळे डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे, अल्झायमर त्यातलाच) रुग्ण ठेवणाऱ्यांना राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडच्या नोंदणीबद्दल जरूर विचारा. त्याच कायद्याने माणसं अपुरी आहेत एवढ्या कारणावरून रुग्णाला बांधून ठेवता येत नाही.

आगीसाठी महाराष्ट्राचा २००६ चा कायदा आहे. यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं दाखवा म्हणा. दिल्लीत ग्रेटर कैलासमध्ये १ जानेवारी २०२३ ला पहाटे अशाच एका केअर होमला आग लागून दोन वृद्ध महिला गेल्या. बाबा बाहेर पडतात म्हणून दाराला कुलूप असणारच, तेव्हा रात्री किल्ली कोणाकडे असते आणि दुसरा जिना मोकळा आहे की गाद्यांनी भरलाय, हे स्वतः चालत जाऊन बघा.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन प्रत्येक केअर होम तपासतं, बऱ्याचदा न कळवता. अहवाल कोणालाही वाचता येतो आणि दर्जा दर्शनी भागात लावावाच लागतो. उत्कृष्ट, चांगला, सुधारणा हवी, अपुरा अशा चार पायऱ्या. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही आधी अहवाल वाचले, मगच जागा बघितल्या. भारतात असं का होत नाही?

हेमंत३४
पुण्यात त्याचा काय उपयोग?

लेस्टरकर
उपयोग आहे. ते पाच गोष्टी बघतात: माणूस सुरक्षित आहे का, उपचारांचा परिणाम दिसतो का, वागणूक मायेची आहे का, ज्याची-त्याची गरज ओळखतात का, कारभार नीट आहे का. शेवटची लोक विसरतात. तक्रारवही मागा. ती कोरी असेल तर तक्रार करायची सोय नाही असं मी समजेन. सिस्टर किती टिकतात हेही विचारा.

नवी_सदनिका
महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी नियमावली काढली आहे. ९०० मिलिमीटर रुंद दारं, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी. ती मागा त्यांच्याकडे.

तहसील_रोड
ती बिल्डर विकतात त्या निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आहे. केअर होमला लागू नाही.

नवी_सदनिका
लागू नसली तरी मापं तर तीच ना! व्हीलचेअर दारातून गेलीच पाहिजे.

निवृत्त_सिस्टर
हे मात्र बरोबर. वॉकरवरचा माणूस आज ना उद्या व्हीलचेअरवर येतो. संडासातल्या दांड्याला स्वतः लटकून बघा, नुसत्या टाइलला चिकटवलेला असला तर हातात येतो.

कुंपण
घर बाबांच्या नावावर आहे का? बक्षीसपत्र केलं असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ वाचा, सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द होण्याबद्दल आहे ते.

मृद्गंध
घराचा इथे काय संबंध?

सांजवात
सीसीटीव्ही आहे का बघा आणि मोबाइलवर लिंक मागा. आम्ही त्याशिवाय ठेवलंच नसतं.

निवृत्त_सिस्टर
हॉल आणि पॅसेजमध्ये जरूर हवा. खोलीत नको. तिथे आम्ही लोकांचे डायपर बदलतो, अंग पुसतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तुमच्या मोबाइलवर उघडं का दिसायचं?

सांजवात
मारहाण झाली तर ती खोलीतच होते, पॅसेजमध्ये नाही.

निवृत्त_सिस्टर
ते खरं आहे. पण कॅमेऱ्यापेक्षा अचानक येऊन बघणारा नातेवाईक जास्त कामाचा. वेगवेगळ्या वेळी जात राहा. "भेट फक्त रविवारी चार ते सहा" असा नियम जिथे असेल तिथून मी परत फिरेन.

हेमंत३४
सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. काढलंय का?

तहसील_रोड
ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. केअर होमची महिन्याची फी त्यातून निघत नाही. पण अॅडमिट करायची वेळ आली तर लागेल, काढून ठेवा.

मृद्गंध
काल दोन्हीकडे न कळवता गेले, संध्याकाळी जेवणाच्या वेळेला.

बाग मोठी आहे तिथे साडेसहालाच ताटं उचलली होती आणि बरेच जण झोपवलेले. इन्सुलिनचं विचारलं तर "आमच्या मावशी एक्सपर्ट आहेत". रात्रीची सिस्टर फोनवर. फॉर्म बी ऑफिसात आहे, मालकांकडे आहे, उद्या व्हॉट्सअॅप करतो. अजून आलेला नाही.

दुसरी जागा जुन्या बंगल्यात आहे, मला पहिल्यांदा आवडली नव्हती. पॅसेज अरुंद, भिंतीला ओल. पण सिस्टर एका आजींना भरवत बसली होती आणि भरवून होईपर्यंत माझ्याशी बोलायला उठली नाही. इन्सुलिनला ती म्हणाली, तुमच्या डॉक्टरना विचारा जेवल्यावर लगेच देता येईल असं बदलून मिळतं का, बाबा किती जेवतात ते बघून देता येईल. बेडसोर दोघांना, एक जण हॉस्पिटलातूनच घेऊन आलेला, हेही तिनेच सांगितलं. मागचा जिना मोकळा आहे, किल्ली रात्रीच्या मामांच्या कमरेला. मानसिक आरोग्याची नोंदणी झालीय, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. रात्री बावीस जणांमागे दोघे, ते मला कमी वाटतं.

बंगल्यातल्या जागेकडे कल आहे. करारात काय लिहून घेऊ?

तहसील_रोड
पहिला महिना दोन्ही बाजूंनी चाचणीचा, मध्येच आणलं तर अनामत किती दिवसांत परत, फी वर्षात किती वाढणार, डायपर-औषधं-रुग्णवाहिका फीमध्ये आहेत की वेगळी. पडले, बाहेर गेले किंवा औषध चुकलं तर त्याच दिवशी तुम्हाला कळवायचं. रुग्णालय कुठलं आणि नातेवाईक पोचेपर्यंत सही कोण करणार. "कुठल्याही घटनेस संस्था जबाबदार नाही" अशी ओळ दिसली तर खोडायला सांगा. वागणुकीबद्दल गंभीर काही दिसलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

निवृत्त_सिस्टर
बावीसला दोघे कमीच. बाबांची खोली रात्रीच्या माणसाच्या खाटेजवळची मागा आणि करारात लिहून घ्या. रात्री त्यांना लघवीला साधारण कधी लागते त्या वेळा कागदावर द्या. त्या वेळेला कुणी नेलं तर ते उठून दार शोधत फिरणार नाहीत. इन्सुलिनचं डॉक्टरना आजच विचारा, नवी चिठ्ठी हातात असल्याशिवाय नेऊ नका.

काटेसावर
घरची चादर आणि त्यांची नेहमीची उशी द्या सोबत. आईला हॉस्पिटलात तेवढ्याने झोप लागायची.

मृद्गंध
देते. डॉक्टरांची वेळ शनिवारी सकाळची मिळालीय. अनामत रविवारऐवजी बुधवारी भरते असं बंगल्यात कळवलंय, ते हो म्हणाले.