कार्यशाळेत मिळतो तो अभिप्राय की पाहुणचाराची परतफेड?

औजारवाला, परभणी

सोयाबीनच्या हातटोकण यंत्रावर, म्हणजे हाताने धरून एकेका जागी बी टोचत जाण्याच्या औजारावर, चाललेल्या एका संशोधन-विकास प्रकल्पात मी तीन वर्षे काम करतो आहे. निधी देणाऱ्यांच्या अटीप्रमाणे दर टप्प्याला वापरकर्त्यांची कार्यशाळा घ्यावी लागते, अहवालाला छायाचित्रे जोडावी लागतात आणि त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. अशा चार कार्यशाळा पार पाडल्यावर माझे मत असे झाले आहे की, वापरणाऱ्याचे खरे म्हणणे कळण्यासाठी याहून कुचकामी साधन नसेल.

दुसऱ्या कार्यशाळेचेच पाहा. मे महिन्यात, गार सभागृहात, चाळीस शेतकऱ्यांसमोर आम्ही पत्र्याच्या ट्रेमध्ये माती भरून यंत्र चालवून दाखवले. यंत्राची चोच मातीत जायची, चोचीची पाकळी उघडायची आणि मोजून दोन दाणे पडायचे. अभिप्रायाच्या कागदावर अडतीस जणांनी ‘उत्तम’ असे लिहिले, उरलेल्या दोघांनी रंग बदलण्याची सूचना केली. जूनमध्ये तेच यंत्र पूर्णाकाठच्या काळ्या रानात नेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पुरता आलेला नव्हता. आठ-दहा पावलांतच चोचीला चिकण मातीचा गोळा बसला, पाकळी मिटेना आणि आतले बियाणे ओल धरू लागले. टोकण करणाऱ्या बाईंनी काही न बोलता खुरप्याने चोच खरवडली, पुन्हा दहा पावले चालल्या, पुन्हा खरवडली. तासाभराने त्यांनी यंत्र धुऱ्यावर नेऊन उभे केले आणि हाताने टोकायला सुरुवात केली. आम्हाला मिळालेला पहिला खरा अभिप्राय तो होता. ट्रेमधल्या चाळलेल्या, कोरड्या मातीतून तो कधीच मिळाला नसता.

शिवाय सभागृहात येतात ते जमिनीचे मालक, आणि यंत्र हातात धरतात त्या रोजाने येणाऱ्या बाया. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, कार्यशाळांचा खर्च थांबवावा आणि त्या पैशात संशोधकांनी पेरणीचे आठ दिवस रानात काढावेत.

विस्तारकर्मी, छत्रपती संभाजीनगर

आपला अनुभव मला पूर्ण पटतो, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. आपण ज्याचे वर्णन केले आहे ते प्रात्यक्षिक होते. त्याला कार्यशाळा हे नाव अहवालासाठी दिले गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठात दरवर्षी १८ मे रोजी, वर्धापनदिनी, खरीप मेळावा भरतो. तिथे माहिती देणे हा उघड हेतू असतो आणि तो योग्यच आहे. गोंधळ होतो तो मेळाव्याच्या पद्धतीने लोकांना बसवून त्यांच्याकडून अभिप्रायाची अपेक्षा केल्यामुळे.

लोकांना त्यांच्या रानातून बाहेर बोलावले म्हणजे त्यांचे ज्ञान मागे राहते, असेही नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रवांडामध्ये घेवड्यावर संशोधन करणाऱ्यांनी गावोगावच्या जाणत्या शेतकरी बायांना थेट संशोधन केंद्रावर बोलावले आणि तिथल्या वाणांतून निवड त्यांच्यावर सोपवली. त्यांनी निवडलेले वाण पुढे त्यांच्या शेतांत पैदासकारांच्या निवडीपेक्षा सरस ठरले. तेव्हा प्रश्न जागेचा नसून, कोणाला बोलावले आणि निवडीचा अधिकार खरोखर कोणाच्या हाती दिला याचा आहे.

माझा स्वतःचा अनुभवही सांगते. टोकणीच्याच विषयावर आम्ही एका गावातल्या समाजमंदिरात मालक आणि मजूर बाया यांना आधी वेगवेगळे बसवले. लिहिण्याचे बंधन नको म्हणून प्रत्येकाला दहा चिंचोके दिले आणि वजन, वेग, बियाण्याची बचत, दुरुस्ती यांच्या चित्रांवर ते हवे तसे वाटायला सांगितले. मालकांचे निम्म्याहून अधिक चिंचोके बियाण्याच्या बचतीवर पडले, कारण पेरणीला एकरी २५ ते ३० किलो लागणारे सोयाबीन टोकणीत साधारण निम्म्यावर येते. बायांचे जवळजवळ सगळे चिंचोके वेगावर आणि वजनावर पडले, कारण काम गुत्त्याने, म्हणजे एकराला ठरलेल्या ठोक रकमेत, घेतलेले असते आणि एकर लवकर संपला तरच त्यांना परवडते. दोन्ही ढीग शेजारी ठेवल्यावर जी खडाजंगी झाली, ती आपण रानात आठ काय, ऐंशी दिवस राहिला असता तरी आपल्या कानावर आली नसती. मालकाच्या रानात उभे राहून मजूर बाई मालकाविरुद्ध बोलत नाही.

कोरडवाहू, सेनगाव

दोघांचेही म्हणणे वाचले. ज्याला बोलावतात त्याच्या बाजूने एक-दोन गोष्टी लिहितो. साहेब, आम्ही ‘उत्तम’ लिहितो ते यंत्र पाहून नाही. कोणी जेवू घातले, पिशवी दिली, मानाने खुर्ची दिली, तर त्याच्या तोंडावर खोट काढणे आमच्याकडे बरे दिसत नाही. दुसरे असे की, मी आजवर अशा पाच-सहा बैठकांना गेलो आणि एकदा ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात हे तपशीलवार सांगूनही आलो, पण त्याचे पुढे काय झाले हे मला कोणीही कळवलेले नाही. सुधारणा झाली नाही तरी चालेल. जमले नाही, एवढा एक फोन तरी यावा. तो येत नाही म्हणून पुढच्या वेळी माणूस मनातले सांगण्याची तसदी घेत नाही.

किल्लारीकर

विषय यंत्राचा असला तरी एक भर घालतो. १९९३च्या भूकंपानंतर आमच्या भागात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. लोकांना विचारलेच नाही असे म्हणता येणार नाही. गावोगाव बैठका झाल्या. पण त्या वेळी जो तो दगडी भिंतीला भ्यालेला होता. रुंद रस्ते आणि सुटी घरे हवीशी वाटली ती त्या भीतीपोटी. पुढे त्याच रुंद, पसरलेल्या गावांत शेजार तुटल्याची तक्रार सुरू झाली आणि मिळालेल्या घरांना लोक हाताला येईल ते साहित्य लावून जोडकाम करू लागले. बैठकीत माणूस खोटे बोलला नव्हता. त्या दिवशीचे खरे बोलला होता. म्हणून एकदाच विचारून मोकळे होण्याला माझा विरोध आहे, मग ते सभागृहात असो की बांधावर.

औजारवाला, परभणी

विस्तारकर्मी ताईंचा चिंचोक्यांचा प्रयोग मला निरुत्तर करणारा आहे, हे मान्य करतो. आमच्या यंत्राचे वजन आम्ही बियाण्याची पेटी मोठी करून वाढवले, आणि ती सूचना मालकांचीच होती. तरीही माझा अर्धा आक्षेप शिल्लक आहे: चोचीला माती चिकटते हे चिंचोक्यांतून निघाले नसते, कारण यंत्र ओल्या रानात चालवून पाहण्यापूर्वी ते कोणालाच, बायांनाही, माहीत नव्हते. म्हणून आधी पेरणीत रान आणि नंतर बैठक, असा क्रम मी प्रकल्पप्रमुखांपुढे ठेवणार आहे. बायांना त्या दिवसाचा रोज द्यावा, असेही सुचवतो; खर्चाच्या तक्त्यात ‘अल्पोपाहार’ आहे, ‘रोज’ नाही, म्हणून ते मंजूर होईल याची खात्री मला नाही. बैठक पोळा झाल्यावर लगेच घ्यावी म्हणतो, तेव्हा लोक मोकळे असतात.

कोरडवाहू, सेनगाव

पोळ्यानंतर मोकळे कोण असते, साहेब? मूग-उडदाच्या शेंगा तोडायला तेव्हा बाया मिळत नाहीत. नागपंचमीच्या आसपास, खुरपणीचा जोर ओसरल्यावर ठेवा, आणि तारीख ठरवण्याआधी गावातल्या टोळीच्या मुकादम बाईला विचारा, सरपंचाला नंतर विचारले तरी चालेल.