आवाज न करणारी वीज
वर विचारलंय की नुसत्याच लकाकणाऱ्या, गडगडाट न होणाऱ्या विजा वेगळ्या असतात का. नाही हो, वीज तीच, ढग लांब असतो इतकंच. गडगडाट साधारण १५-२० किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही, उजेड मात्र त्याच्या कितीतरी पुढून दिसतो. वळवाच्या दिवसांत साताऱ्यातल्या एखाद्या गच्चीवरून पूर्वेला माणदेशाकडे बघा. दुपारभर तापलेल्या हवेतून चढलेला ढग ऐरणीसारखा माथा पसरून उभा असतो आणि अंधार पडला की आतून पेटतो, कधी बुडाशी, कधी थेट शेंड्याला. मोबाईलच्या फोटोत हे सहजासहजी येत नाही, उगाच धडपडू नका. चमक आणि आवाज यांत ३० सेकंदांहून कमी अंतर पडलं, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आली, की मुकाट्याने घरात. खुर्ची भिजली तर भिजली.