पाचगणीच्या घरासाठी पावसाच्या पाण्याची टाकी किती मोठी बांधावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राहतो पुण्यात, सहकारनगरला. पाचगणीला आजोबांचं जुनं कौलारू घर आहे. त्यातल्या तीन खोल्या गेली चार वर्षं पर्यटकांना देतो. देखभालीला एक जोडपं आणि त्यांचा मुलगा तिथेच राहतात. एरवी नळाचं पाणी पुरून उरतं. एप्रिल-मेमध्ये खोल्या भरल्या की घरात तिनाची नऊ माणसं होतात, मग नळावर जेमतेम निम्मं भागतं.

यंदा मे महिन्यात कळस झाला. शनिवारी रात्री मावशींचा फोन : "दादा, टाकीत थेंब नाय, आन् पावणं आंघुळीला खोळंबल्यात." टँकरवाल्याने सकाळचं कबूल करून गाडी दुपारी दोनला आणली. तोवर पाहुणे पैसे परत घेऊन निघून गेले होते. नंतर कळलं, मागच्या खोलीतला फ्लश रात्रभर वाहत होता. तो दुरुस्त केला, चूक आमचीच. पण वर घरात बादली रिकामी आणि खाली धोमचं पाणी चकाकतंय हे बघवत नाही. लोकांचं धरण उशाला असतं, आमचं पायाशी. कोरड मात्र तीच.

आता बाबा म्हणतात बोअर मारू. कंत्राटदार म्हणतो अंगणात जमिनीखाली ५०,००० लिटरची टाकी बांधा, छपराचं पाणी साठवा. नाहीतर दरवर्षी टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या आहेतच. छप्पर साधारण १,३०० चौरस फूट, म्हणजे १२० चौरस मीटर. ५०,००० पुरेल, की एक लाखाची बांधू? शिवाय कौलांवर शेवाळ आणि सिल्व्हर ओकचा पाला इतका की ते पाणी पाहुण्यांना देववेल का, हीही शंका आहे. अनुभव असलेल्यांनी सांगा. 'घर विकून टाका' हा सल्ला घरात फुकट मिळतो.

खोडरबर :
आधी बाबांना थांबवा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, परवानगीची चौकशी केल्याशिवाय बोअरची गाडी बोलावू नका. दुसरं म्हणजे, वर जांभ्याची टोपी आणि खाली काळा कातळ. पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि कड्याच्या अंगाने झरा होऊन निघून जातो. शेजाऱ्याला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. फारच हट्ट असेल तर पाणाड्याच्या नारळावर न जाता भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला विचारा.

चिंचगूळ :
हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. महाबळेश्वरचा आकडा धरू नका. पाचगणी तिथून वीसेक किलोमीटरवरच, पण पूर्वेला, पाऊस निम्म्याहूनही कमी. हात राखून १,५०० मि.मी. धरा. १२० × १,५०० = १,८०,००० लिटर. कौलं-पन्हळीत २० टक्के गेलं तरी १,४४,००० उरतात, लाखाची टाकीही भरेल.

पण ती भरणार पावसाळ्यात आणि तुम्हाला पाणी हवंय एप्रिल-मेमध्ये. मधे परत भरणार नाही. नऊ माणसं, माणशी १३५ लिटर या सरकारी मापाने रोजचे १,२१५. निम्मं नळावर भागतं म्हणालात, म्हणजे तूट ६०० च्या आसपास, ६० दिवसांची ३६,०००. तेव्हा ५०,००० ची पुष्कळ झाली. मात्र एक लक्षात घ्या, ५०,००० लिटर म्हणजे १०,००० लिटरचे पाच टँकर. त्यासाठी ५ बाय ५ मीटरचा, २ मीटर खोल खड्डा आणि सगळं काँक्रीट! कंत्राटदाराच्या आकड्याला पाच टँकरांच्या भाड्याने भागून बघा, किती वर्षं येतात.

टेकडीवरचा :
पाल्याचं सांगतो, आमच्याकडेही तोच त्रास होता. पन्हळीच्या तोंडाशी जाळी, आणि सुरुवातीचे दोन-तीन मोठे पाऊस वाहून जाऊ द्यायचे, त्यासाठी पाइपला वेगळा कॉक. नंतर गाळणी. प्यायला नळाचंच द्या, हे पाणी फ्लश, धुणं, बागेला.

आणि आधी शॉवर काढा! दहा मिनिटांत शंभरेक लिटर जातात, बादलीत वीस. गुरुवारी पाणी बंद म्हटलं की बुधवारी रात्री पातेली भरून ठेवणारे आपण पुणेकर, बाहेरगावी गेलो की शॉवरखाली गाणी म्हणत उभे राहतो.

खोडरबर :
शॉवर काढला तर बुकिंग जाईल हो. कमी धारेचा बसवा. पण फ्लश वाहिला तो वाहिला, बाकी गळती नाही हे कशावरून? पाहुणे नसतील त्या रात्री मीटर वाचून घ्या. मग टाकीचं बोला.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. भागाकार केला, अठरा वर्षं आली. बाबा गप्प आहेत.

काल घरात पाहुणा नव्हता. मावशींना रात्री अकराला आणि सकाळी सहाला मीटर वाचायला सांगितलं. वरची टाकी आधीच भरून घेतली होती, एकही नळ उघडा नव्हता, तरी १४० लिटर गेले. म्हणजे बहुतेक मीटरपासून घरापर्यंतची जमिनीखालची लाईन कुठेतरी फुटली असावी. ती आजोबांच्या काळची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची आहे, गंजलेलीच असणार. अंगण न उखडता जागा शोधून देणारा भरवशाचा प्लंबर पाचगणी-वाईकडे कोणाच्या ओळखीत आहे का?