नऊ आठवड्यांच्या पिल्लाला पार्व्हो झाला आहे, रात्री घरी काय पाहावे आणि घर कसे धुवावे?

होटगी रस्ता

सर्वांना नमस्कार. आम्ही सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला राहतो. अक्कलकोट तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून गेल्या आठवड्यात कारवान जातीच्या कुत्र्याचे, नऊ आठवड्यांचे मादी पिल्लू आणले आणि तिचे नाव चिंगी ठेवले. आणल्याच्या तिसऱ्या दिवशी तिला पहिली लस दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी पहाटे तिने पिवळा फेस ओकला, दुपारपर्यंत पाणीही पोटात ठरेना आणि संध्याकाळी जी पातळ शी झाली ती काळपट तांबडी होती. तिचा वास तीनदा साबण लावूनही हाताचा गेला नाही.

डॉक्टरांनी शीची पट्टीवर चाचणी केली, तीत पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांचा विषाणूमुळे होणारा आजार, निघाला. रक्तात पांढऱ्या पेशी २,१०० आल्या. आज सलाइनचा दुसरा दिवस आहे. सकाळी आणि संध्याकाळी दवाखान्यात सलाइन व इंजेक्शने होतात, परंतु तिथे रात्री कोणी नसल्यामुळे पायाला सुई तशीच ठेवून, वर पट्टी बांधून आम्ही तिला घरी आणतो. रात्री अकरा ते सकाळी सहा हे सात तास आम्हाला सर्वांत जड जातात, कारण नेमके काय पाहायचे आणि कशाला घाबरायचे हेच कळत नाही.

आणखी तीन शंका आहेत. सासूबाईंचे ठाम मत आहे की लशीमुळेच हे झाले, कारण आली तेव्हा ती हरणासारखी उड्या मारत होती. दुसरे, आमच्याकडे राजा नावाचा पाच वर्षांचा कुत्रा आहे आणि त्याची गेल्या वर्षीची लस माझ्या हयगयीमुळे राहून गेली. तिसरे, आमच्या भागात नळाला चार दिवसांनी पाणी येते, त्यामुळे दिवसातून चार वेळा घर धुणे शक्य नाही. फिनेलने नुसते पुसून चालेल का? घरात दोन लहान मुले आहेत, त्यांना यापासून काही होते का, हेही कृपया सांगावे.

विजापूर वेशीजवळचा

ताई, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच वेतातली दोन पिल्ले होती. दोघांनाही पार्व्हो झाला, त्यातले एक वाचले आणि एक गेले. गेलेल्या पिल्लाच्या बाबतीत आमचा दीड दिवस वाया गेला, कारण ज्या दवाखान्यात प्रथम नेले तिथे ‘गॅस्ट्रो आहे’ म्हणून एक इंजेक्शन देऊन घरी पाठवले, चाचणीचा विषयही निघाला नाही आणि आम्हीही तो काढला नाही. आपली चाचणी पहिल्याच दिवशी झाली, ही मोठी गोष्ट आहे.

रात्रीचे म्हणाल तर मी एक वही केली होती. दर दोन तासांनी उलटी किती वेळा झाली, शी किती वेळा झाली व रंग कोणता, लघवी झाली की नाही आणि ताप किती, एवढेच त्यात लिहीत असे. लघवीकडे लोक लक्ष देत नाहीत, पण सहा-सात तास लघवीच झाली नाही तर सलाइन पुरत नाही असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप घ्यावा लागतो, काखेतला आकडा विश्वासाचा नसतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. आम्हाला तापाचीच भीती होती, पण जे पिल्लू गेले त्याचा आकडा पहाटे तीन वाजता ९८ वर उतरला होता आणि अंग गार पडते आहे म्हणजे ताप उतरला, असे समजून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला होता. ती चूक आपण करू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे हिरड्या. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबावे आणि सोडावे. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. माझ्या वाचलेल्या पिल्लाच्या हिरड्या तिसऱ्या रात्रीही ओल्या होत्या, दुसऱ्याच्या मात्र बोटाला कोरड्या, चिकट लागत होत्या. सुईचा पाय सुजला किंवा पट्टी ओली झाली तर तेही सकाळी आवर्जून दाखवावे.

मोहोळकर

आमच्याकडे पिल्लांना हगवण लागली की डाळिंबाच्या सालीचा काढा आणि पातळ ताक पाजतात. तो करून पाहावा. माणसांची जुलाब थांबवणारी पाव गोळी देऊनही फरक पडतो.

पशुवैद्यक, बार्शी तालुका

मोहोळच्या बंधूंचा हेतू चांगला आहे, तरीही काढा, ताक आणि जुलाबाची गोळी या तिन्ही गोष्टी चिंगीला देऊ नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पातळ पदार्थ ओतला की तो फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि आतड्याची हालचाल गोळीने बंद केली की जी घाण बाहेर पडायला हवी ती आतच कोंडून राहते.

हा विषाणू शरीरात जिथे पेशी वेगाने तयार होतात तिथे हल्ला करतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतील मज्जेवर. अस्तर सोलून निघाल्यामुळे रक्त आणि पाणी बाहेर जाते, तर मज्जा मंदावल्यामुळे पांढऱ्या पेशी घटतात. त्या साधारणपणे ६,००० ते १७,००० असायला हव्यात. याच सुमारास आतड्यातले नेहमीचे जीवाणू फाटक्या अस्तरातून रक्तात शिरतात आणि बऱ्याच पिल्लांचा जीव प्रत्यक्षात त्यामुळे आणि पाणी आटल्यामुळे जातो. आम्ही देतो ती अँटिबायोटिक्स त्या जीवाणूंसाठी असतात. विषाणूला पिल्लाचे शरीर स्वतःच हटवते, त्यासाठी चार-पाच दिवस त्याला तगवून धरणे एवढेच आमच्या हातात असते. उपचार न केल्यास दहातली नऊ पिल्ले जाऊ शकतात. वेळेवर सलाइन, उलटीचे औषध, पोटॅशियम आणि साखर यांचा तोल सांभाळला तर दहातली आठ किंवा त्याहून अधिक वाचतात.

आता लशीबद्दल. सासूबाईंना असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण दोन घटना पाठोपाठ घडल्या. परंतु विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, म्हणजे चिंगीने हा आजार शेतावरून किंवा वाटेत आणला असावा आणि लस टोचली तेव्हा तो आत रुजलेला होता. लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूमुळे असा रक्ती जुलाब होत नाही. लशीनंतर काही दिवस चाचणीच्या पट्टीवर फिकट रेघ उमटू शकते हे खरे, पण इथे लक्षणे आणि पेशींचा आकडा दोन्ही सोबत आहेत, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

एक गोष्ट शेतकऱ्यांना लगेच पटते, म्हणून सांगतो. गाईच्या चिकातून जसे वासराला संरक्षण मिळते, तसेच कुत्रीच्या चिकातून पिल्लाला मिळते. ते संरक्षण अंगात शिल्लक असेपर्यंत लस निष्प्रभ ठरते आणि ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. मधल्या काही दिवसांत चिकाचे बळ रोगाला अडवण्याइतके उरत नाही, पण लशीला अडवण्याइतके मात्र असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस पुन्हा द्यावी लागते. ‘एक सुई झाली, आता फिरवायला हरकत नाही’ या समजुतीने दर हिवाळ्यात माझ्याकडे पिल्ले येतात.

रात्रीसाठी माझी भर एवढीच की पिल्लू अचानक लुळे पडले, डोके हलू लागले किंवा झटके आले तर ते साखर उतरल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा साखरेचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे, तोंडात ओतू नये, आणि त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करावा. ताप १०० च्या खाली गेला तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली अंगाजवळ ठेवावी, पण तिला बाजूला सरकता येईल एवढी जागा सोडावी. पोटात लांबट, सॉसेजसारखी घट्ट गाठ हाताला लागली किंवा थांबलेल्या उलट्या पुन्हा सुरू झाल्या तर डॉक्टरांना पोट तपासायला सांगावे; या आजारात कधी कधी आतड्यातच आतडे शिरते आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

पूर्वी आम्ही उलट्या थांबून दिवस लोटेपर्यंत पिल्लांना कडकडीत उपाशी ठेवत असू. आता तसे करत नाही. उलटी औषधाने आटोक्यात आली की चमचाभर पातळ अन्न दर काही तासांनी दिले तर अस्तर लवकर भरून येते. त्यात कांदा, मसाला किंवा दूध नको. केव्हा सुरू करायचे ते आपल्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

राजाला आजच वेगळे करून त्याची राहिलेली लस द्यावी. पाच वर्षांच्या, पूर्वी लशी झालेल्या कुत्र्याला गंभीर आजार होण्याची शक्यता कमी असते, पण ती शून्य नाही. मुलांना या विषाणूपासून आजार होत नाही. त्यांच्या चपलांना लागून तो दुसऱ्या कुत्र्यापर्यंत मात्र सहज पोहोचतो.

पूर्व भागातली

सफाईबद्दल मी लिहिते, कारण आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडांचे एकच अंगण आहे, त्यात दोन घरी यंत्रमाग चालतात आणि गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पिल्लाला हाच आजार झाला होता.

फिनेलने हा विषाणू मरत नाही, आणि हात निर्जंतुक करण्याच्या स्पिरिटनेही नाही. द्रवरूप ब्लीचने मरतो. एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि ते जमिनीवर किमान दहा मिनिटे ओले राहायला हवे. मात्र आधी शी कागदाने उचलून ती जागा साबणाने धुतली पाहिजे, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच वाया जाते. पाण्याच्या टंचाईवर आमचा उपाय असा होता की आम्ही सगळे घर धूतच बसलो नाही. पिल्लाला मोरीशेजारच्या एकाच खोलीत ठेवले, तिथे जुन्या लुंग्या आणि मागावरच्या सुताच्या चिंध्या अंथरल्या आणि घाण झालेली चिंधी न धुता पिशवीत गाठ मारून टाकून दिली. अशाने दिवसाला एक बादली पुरली. खोलीच्या उंबऱ्यावर जुन्या चपलांचा एक जोड ठेवला, जो आतच वापरायचा आणि बाहेर न्यायचा नाही. ब्लीच टाकताना पिल्लाला बाजूला न्यावे, खिडकी उघडावी आणि संडास धुण्याचे ॲसिड त्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. मिश्रण रोज ताजे करावे. मी पहिल्या दिवशी बादलीभर करून अंगणात उन्हात ठेवले होते. आपल्या सोलापूरच्या उन्हात त्याचा दम दुपारपर्यंत निघून गेला असणार, हे मला नंतर कळले.

चांगली चादर अंथरू नका. माझी लग्नातली लाल चादर ब्लीचने ठिकठिकाणी पांढरी झाली आहे आणि अजून कपाटात तशीच आहे.

मातीच्या अंगणाला ब्लीचचा उपयोग नाही. तिथली घाण वरच्या मातीसकट खरवडून काढावी आणि जागा उन्हाला उघडी ठेवावी. सावलीतल्या मातीत हा विषाणू कित्येक महिने, अगदी वर्षभरही टिकतो, म्हणून आम्ही वाड्यात लशी पूर्ण न झालेले पिल्लू वर्षभर येऊ दिले नाही. त्यावरून एका बिऱ्हाडाशी अजूनही थोडा अबोला आहे.

होटगी रस्ता

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेब, आपले लशीबद्दलचे लिखाण सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. चिकाचा दाखला त्यांना पटला, कारण त्यांच्या माहेरी म्हशी होत्या. बाकीचे त्यांनी ‘बघू’ म्हणून ठेवून दिले आहे.

आज सलाइनचा पाचवा दिवस आहे. तिसरी रात्र फार वाईट गेली. दोन वाजता ताप ९९.२ वर आला, हिरड्या फिकट दिसल्या आणि वही हातात होती म्हणून डॉक्टरांना फोनवर चारही गोष्टी धडाधड सांगता आल्या. त्यांनी कोमट बाटली ठेवायला सांगितले आणि पहाटे साडेपाचलाच दवाखाना उघडून तिला घेतले, हे उपकार मी विसरणार नाही. काल दुपारपासून उलटी नाही. वजन ४ किलो ६०० ग्रॅमवरून ३ किलो ९०० वर आले होते, ते आज ४ किलो झाले. पांढऱ्या पेशी ५,४०० आल्या आहेत.

काल संध्याकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून कोंबडीचे बिनमिठाचे पाणी चमच्यात घेतले, तर तिने आधी तोंड फिरवले, मग माझ्या अंगठ्याला लागलेला थेंब चाटला आणि नंतर चमचा दातात धरून सोडेना. शी अजून पातळ आहे, पण रंग तपकिरी आहे.

राजाची लस झाली. तो जिन्याच्या जाळीपलीकडे बसून असतो. त्याला चिंगीजवळ केव्हा सोडायचे, एवढे एकच विचारायचे राहिले.

पशुवैद्यक, बार्शी तालुका

बरी झाल्यानंतरही दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ शीतून विषाणू बाहेर पडत राहतो. चिंगीची शी घट्ट झाल्या दिवसापासून चार आठवडे मोजावेत, तिला एकदा साबणाने अंघोळ घालावी, विशेषतः शेपटीखालचे केस आणि पंजे, आणि मग जाळी काढावी. तिला जंताचे औषध आणि उरलेल्या लशी केव्हा द्यायच्या ते पुढच्या तपासणीत आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. पार्व्होपासून ती आता दीर्घकाळ सुरक्षित राहील, पण डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) आणि रेबीज हे आजार वेगळे आहेत.