मदत हवी आहे : घराबाहेर असताना दुपारची लघवीची नळी कशी घालायची?

नमस्कार. मी डिचोलीचा, वय 41. मागच्या वर्षी माडावरून पडलो, कमरेच्या मणक्याला मार बसला. काठी घेऊन चालतो, पण लघवी आपसूक होत नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शिकवल्याप्रमाणे दिवसातून पाच वेळा नळी घालतो. घरी काहीच अडत नाही. साबणाने हात धुतले, 12 नंबरच्या नेलाटॉनला (लघवीच्या साध्या नळीला) जेली लावली, की पाच मिनिटांत मोकळा.

अडचण कामावरची आहे. कदंबा बसने पणजीला जातो. तिथल्या संडासाची कडी लागत नाही, वस्तू ठेवायला जागा नाही. एका हाताने दार धरून हे जमत नाही. म्हणून दुपारची वेळ टाळायला लागलो, पाणी कमी केलं, सकाळचा चहासुद्धा सोडला. संध्याकाळी घरी येऊन डब्यात मोजली तर 700 मिली! गेल्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला, लघवी गढूळ. औषधाने उतरला. डॉक्टर म्हणाले, पाणी वाढवा आणि वेळ चुकवू नका. पटतं हो, पण बाहेर करायचं कसं? त्यात गणेश चवथीला पेडण्याच्या मूळ घरी पाच दिवस राहायचंय. माणसं तीस आणि न्हाणीघर एकच.

आणखी एक. नळी कधी कधी शेवटाला अडते. जोर लावावा का?

—

फोंड्याहून : दादा, जोर अजिबात लावू नका, आत जखम होते. तिथला स्नायू आवळलेला असतो. लिंग वर सरळ धरून थांबा, दीर्घ श्वास घ्या, सोडताना हळूच सरकवा. तरीही गेली नाही किंवा रक्त आलं तर सरळ डॉक्टर गाठा.

मी नऊ वर्षं हे करतोय. बाहेर जाताना पिशवी जोडलेली नळी नेतो. महाग पडते, म्हणून फक्त बाहेरच. लघवी पिशवीतच जमते, त्यामुळे संडासच हवा असं नाही. कडी लागणारी कुठलीही खोली चालते. ऑफिसात एका माणसाला विश्वासात घेऊन तेवढी खोली मागा. मी मागितली तेव्हा जीभ जड झाली होती, पण समोरच्याने किल्लीच हातात दिली. सामानाची पिशवी गळ्यात अडकवायची ठेवा, खाली काही टेकवावं लागत नाही.

पाणी दिवसा भरपूर प्या, रात्री जेवणानंतर कमी. एका वेळी 400-500 मिलीच्या वर निघत असेल तर वेळा वाढवायला हव्यात, डॉक्टरांना विचारा. चवथीला वहिनींना आधीच सांगून आतली एक खोली दिवसातून पाचदा दहा मिनिटं राखून ठेवा. आरतीच्या आधी उरकलंत तर मग निवांत बसता येईल.

—

डिचोली : दादा, पिशवीची नळी असते हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही कुठल्या नंबरची घेता? म्हापशात मिळेल का?